गोळी सुरू झाल्याचं सगळ्यांना कळतं, बंद झाल्याचं कोणालाच नाही

हेल्थ आयटीत आहे म्हटलं की समोरच्याचं वाक्य ठरलेलं असतं, "अरे वा, म्हणजे आता सगळं एका क्लिकवर!" पूर्वी मी समजावत बसायचो, आता नुसती मान डोलावतो, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि उभ्या उभ्या देण्यातलं नाही. म्हटलं एकदाचं इथे लिहून टाकू, पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक पाठवली की झालं.

माझं काम म्हणजे हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर, लॅबचं सॉफ्टवेअर, फॅमिली डॉक्टरांचं, केमिस्टचं, ही सगळी मंडळी एकमेकांशी बोलती करणं. सर्दीतापाच्या पेशंटला याचं काही पडलेलं नसतं, तो येतो, औषध घेतो, बरा होतो, विसरून जातो. पण ज्याला शुगर आहे, बीपी आहे, त्यात किडनी थोडी कुरकुरतेय आणि आता हार्टही कमजोर झालंय, त्याचा आजार बरा होऊन संपत नाही, तो सांभाळायचा असतो आणि सांभाळणारे हात बरेच असतात. किती? अमेरिकेत मेडिकेअर म्हणून ज्येष्ठांचा सरकारी विमा आहे, त्याच्या नोंदींवरून २००७ साली एक अभ्यास आला होता, त्यात निघालं की या विम्यातला सर्वसाधारण पेशंटसुद्धा वर्षाला साधारण दोन प्राथमिक डॉक्टर आणि पाच स्पेशालिस्ट बघतो, तेही चार वेगवेगळ्या ठिकाणी. मग २००९ मध्ये हेच गणित डॉक्टरांच्या बाजूनं मांडलं गेलं, की एका फॅमिली डॉक्टरला फक्त या विम्याच्या पेशंटांपायी किती इतर डॉक्टरांशी धागा जुळवून ठेवावा लागतो, तर आकडा आला २२९ डॉक्टर, ११७ ठिकाणचे. आता बोला. एवढ्या लोकांना फोन कोण करणार, म्हणून मग सॉफ्टवेअर आलं.

आणि सॉफ्टवेअरनं काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही, माझं पोट त्यावर आहे. रिपोर्ट हरवत नाहीत, अक्षर वाचता येतं, एमआरआय परत काढावा लागत नाही. पण इतकी वर्षं यात काढल्यावर माझं मत असं झालंय की आपण माहिती पोचवण्याचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला आणि त्यालाच समन्वय म्हणायला लागलो. माहिती पोचली म्हणजे कोणीतरी ती बघितली असं नाही, बघितली म्हणजे कोणीतरी त्यावर काही केलं असं नाही. रिपोर्ट सगळ्यांकडे जातो आणि जबाबदारी मध्येच कुठेतरी लटकत राहते.

एक उदाहरण घेऊ. हा एक पेशंट नाही, मी पाहिलेल्या बऱ्याच फायलींचा मिळून एक आहे. वय सत्तरच्या आसपास, वर लिहिलेले सगळे आजार. पायावर सूज, धाप, म्हणून ऍडमिट. आधीपासून लघवीची गोळी चालू होती, फ्युरोसेमाइड, आणि ती पोटॅशियम बाहेर टाकते म्हणून सोबत पोटॅशियमची गोळी. बीपीसाठी रॅमिप्रिल. हॉस्पिटलमध्ये हार्टवाल्यांनी स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं, जे हार्ट फेल्युअरला चांगलंच औषध आहे पण ते पोटॅशियम अडवून ठेवतं, रॅमिप्रिलही थोडंफार तेच करतं आणि किडनी आधीच मंद, आणि रक्तात पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे त्यांनी पोटॅशियमची गोळी बंद केली. शहाणा निर्णय. आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलं की आठवड्याभरात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) बघावं.

इथपर्यंत सगळ्यांनी आपापलं काम चोख केलंय. आता घरी काय होतं बघा. डिस्चार्ज कार्ड पीडीएफ होऊन फॅमिली डॉक्टरांच्या सिस्टिममध्ये पोचलं, माझ्यासारख्यांनीच बांधलेल्या पाइपातून, वेळेवर पोचलं. त्यात नवीन औषधांची यादी आहे, स्पायरोनोलॅक्टोन आहे. पोटॅशियम नाही. पण फॅमिली डॉक्टरांच्या सिस्टिममध्ये जी नेहमीच्या औषधांची यादी आहे त्यात पोटॅशियम आहेच, केमिस्टकडे रिपीट चालू आहे, घरात दोन स्ट्रिपा शिल्लक आहेत. मग दोन याद्या एकत्र करताना काय करतात? नवीन औषध जोडतात. जे औषध नव्या यादीत नाही ते काढून टाकायचं धाडस कोणी करत नाही, आणि बरोबरच आहे, कारण हॉस्पिटलच्या यादीत नसणं याचे दोन अर्थ होतात, मुद्दाम बंद केलं किंवा लिहायचं राहिलं. कागदावर निदान काट मारलेली दिसायची. कॉम्प्युटरच्या यादीत काट मारलेली ओळ सरळ गायब होते, आणि गायब झालेली गोष्ट मेसेजमध्ये जात नाही.

यावर उपाय नाही असं नाही, गंमत तीच आहे. अमेरिकेत इ-प्रिस्क्रिप्शनचं जे स्टँडर्ड आहे त्यात प्रिस्क्रिप्शन रद्द करण्याचा वेगळा मेसेज आहे, कॅन्सल-आरएक्स म्हणतात. डॉक्टरनं औषध बंद केलं की केमिस्टच्या सिस्टिमला निरोप जातो, बाबा रे हे आता देऊ नकोस. पण नवीन प्रिस्क्रिप्शन पाठवणं सगळ्यांनी धडाधड सुरू केलं आणि रद्द करणं कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं बंदच राहिलं, एका बाजूनं चालू तर दुसऱ्या बाजूनं नाही. कारण सरळ आहे, नवीन औषध पाठवलं तर काहीतरी घडतं, विक्री होते, पेशंट वाट बघत असतो. बंद केलेल्या औषधाची वाट कोणी बघत नाही.

मग हे सापडतं कसं? बहुतेक वेळा फोनवर. जिथे केअर कोऑर्डिनेटर सिस्टर असतात तिथे त्या डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांनी फोन करतात, आणि मी अशा फोनांच्या वेळी शेजारी बसून बघितलंय, तो संवाद साधारण असा असतो.

"काका, सगळ्या गोळ्या समोर घेऊन बसा बरं. पांढरी मोठी गोळी अजून घेताय का?"

"कुठली पांढरी? तीन पांढऱ्या आहेत."

"जी गिळायला त्रास होतो म्हणायचात ती."

"हां ती. ती घेतो की. ती जुनी आहे, डॉक्टरांनी नवीन दिल्यात त्या वेगळ्या, त्या पण घेतो."

हे "त्या पण घेतो" ऐकलं की सिस्टर एकदम सरळ बसतात. कुठल्याही स्क्रीनवर हे वाक्य दिसत नाही. आणि यात अजून एक भर म्हणजे एकच औषध दोन ब्रँडच्या नावानं, हॉस्पिटलनं एका कंपनीचं लिहिलं, घरात दुसऱ्या कंपनीचं आहे, पेशंटच्या दृष्टीनं ती दोन वेगळी औषधं, म्हणून दोन्ही सुरू. सॉफ्टवेअर जर आतून मूळ औषधाच्या कोडवर चालत असेल तर हे पकडू शकतं, पण याद्या पीडीएफमधून येत असतील तर त्यातली अक्षरं म्हणजे त्याच्या दृष्टीनं नुसतं चित्र.

डेन्मार्कनं यात मला फार पटणारं काम केलंय. त्यांच्याकडे मेडकॉम नावाची संस्था १९९४ पासून आहे आणि त्यांनी सुरुवात कशानं केली तर लॅब रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्जचं पत्र अशा रोज हजारदा जाणाऱ्या साध्या निरोपांचा साचा ठरवण्यापासून. भव्य काही नाही. त्यावर रचत रचत पुढे त्यांनी प्रत्येक नागरिकाची औषधांची एकच सामायिक यादी केली, फॅमिली डॉक्टर, हॉस्पिटल, फार्मसी सगळे त्याच एका यादीकडे बघतात, आपापली प्रत ठेवून नंतर जुळवत बसत नाहीत. यादी तपासून अद्ययावत केली की तशी खूण करायची. म्हणजे पुढच्याला कळतं की हे कोणीतरी माणसानं डोळे उघडे ठेवून बघितलंय. उलट इंग्लंडमध्ये २००२ साली अख्ख्या एनएचएससाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, वरून खाली असा प्रचंड राष्ट्रीय आयटी कार्यक्रम काढला आणि २०११ मध्ये तो गुंडाळायचा निर्णय घ्यावा लागला, अब्जावधी पाउंड घालून. त्यातले काही भाग टिकले, सगळं पाण्यात गेलं असं नाही, पण डॉक्टरांना रोज काय लागतं हे विचारायच्या आधी करार झाले होते अशी तक्रार तेव्हापासून आजपर्यंत ऐकू येते.

असो, आपला पेशंट. त्याची दुसरी अर्धी गोष्ट राहिली, ती आठवड्याभरातली रक्ततपासणी. "बघावं" असं लिहिलंय. कोणी बघावं? हॉस्पिटलच्या डॉक्टरांना वाटतं फॅमिली डॉक्टर करतील. फॅमिली डॉक्टरांना वाटतं हार्टवाल्यांनी औषध सुरू केलं तर तेच बघतील, त्यांची अपॉइंटमेंट आहेच की (ती सहा आठवड्यांनी असते). किडनीवाल्यांना तर अजून पेशंट ऍडमिट होता हेच माहीत नसतं. समजा कोणीतरी तपासणी केली, तर रिझल्ट ज्यानं ऑर्डर टाकली त्याच्या इनबॉक्समध्ये जातो, आणि ऑर्डर टाकणारा ज्युनियर डॉक्टर तोवर दुसऱ्या वॉर्डात गेलेला असतो. हे मी रंगवून सांगत नाहीये. २००५ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या हॉस्पिटलांमध्ये मोजलं होतं, ४१ टक्के पेशंट घरी गेले तेव्हा त्यांचे काही ना काही रिपोर्ट यायचे बाकी होते, आणि नंतर आलेल्या रिपोर्टांतले जे खरंच काहीतरी करायला लावणारे होते त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त रिपोर्टांची डॉक्टरांना कल्पनाच नव्हती. आणि ही काही कागदी कारभाराची ठिकाणं नव्हती, कॉम्प्युटर होते तिथे.

यावर आमच्या धंद्याचं आवडतं उत्तर म्हणजे अलर्ट. लाल पट्टी, घंटी, पॉपअप. मला त्या लाल पट्टीचा आता इतका राग येतो की विचारू नका. औषधांच्या धोक्याचे जे अलर्ट येतात ते डॉक्टर किती वेळा बाजूला सारतात याचे अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये आकडा दिला होता, ४९ ते ९६ टक्के. शंभरातले शहाण्णव! आणि डॉक्टर बेफिकीर आहेत म्हणून नाही, तर शुगरच्या पेशंटला बीपीची गोळी देताना येणारी तीच ती सूचना त्यांनी सकाळपासून चाळीसदा पाहिलेली असते. २०१६ मध्ये डॉक्टरांच्या मागे घड्याळ लावून बघितलं तेव्हा पेशंटसमोरच्या एका तासामागे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जात होते. त्या दोन तासांत अजून एक पॉपअप घालून आपण काही मोठं पुण्य करत नाही. पोटॅशियम ६.१, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं, आणि "पेशंटनं पोर्टलचा पासवर्ड बदलला" या दोन गोष्टी एकाच इनबॉक्समध्ये, एकाच आकाराच्या ओळीत येताना मी स्वतः पाहिल्यात.

घरून मोजमाप पाठवायची जी यंत्रं असतात, वजनकाटा, बीपीचं मशीन, त्यांची गोष्ट मला यात सगळ्यात बोलकी वाटते. टेली-एचएफ म्हणून अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या १६५३ पेशंटांवर चाचणी झाली, २०१० साली निकाल आला. निम्म्यांना रोज एका फोन सिस्टिमला फोन लावायचा, यांत्रिक आवाज विचारणार, आज धाप लागली का, वजन किती, आणि बटणं दाबून उत्तर द्यायचं. सहा महिन्यांनंतर परत ऍडमिट होण्यात किंवा मृत्यूत काहीच फरक नाही, शून्य. १४ टक्के लोकांनी तर एकदाही फोन लावला नव्हता आणि शेवटी शेवटी आठवड्यातून तीनदा तरी लावणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. मला नवल वाटलं नाही. म्हातारा माणूस, दम लागलेला, आणि पलीकडून रेकॉर्डेड आवाज, कोण रोज बोलेल हो.

मग २०१८ मध्ये जर्मनीतून टिम-एचएफ२ चे निकाल आले, १५७१ पेशंट, वर्षभर. इथेही वजन, बीपी, ईसीजी घरून रोज जात होतं. पण दुसऱ्या टोकाला बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि हार्ट फेल्युअरच्या नर्सेस चोवीस तास बसलेल्या, आकडा हलला की त्या फोन करणार, औषधात बदल सुचवणार, पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवणार. तिथे फरक पडला. अचानक ऍडमिट होण्यात किंवा मृत्यूमुळे गेलेले दिवस ६.६४ टक्क्यांवरून ४.८८ टक्क्यांवर आले आणि एकूण मृत्यूही कमी झाले. आता दोन्ही चाचण्यांमधले पेशंट, काळ, यंत्रं सगळं वेगळं होतं, त्यामुळे हे एकाशेजारी एक ठेवून गणित मांडणं तितकंसं शास्त्रशुद्ध नाही हे मान्य. जर्मनीवाल्यांनी मोठं डिप्रेशन असलेले पेशंट घेतलेच नव्हते हेही खरं. तरी पण मला कोणी विचारलं की पैसे कशावर घालू, वजनकाट्यावर की काट्याच्या पलीकडे बसणाऱ्या माणसावर, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते ऐकून यंत्रं विकणारे माझ्याशी नीट बोलत नाहीत.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. एड वॅग्नर म्हणून सिएटलचे डॉक्टर, त्यांनी नव्वदच्या दशकात दीर्घ आजारांच्या देखभालीची एक चौकट मांडली, क्रॉनिक केअर मॉडेल नावानं जगभर वापरतात. त्याचे सहा भाग आहेत आणि माहितीची यंत्रणा हा त्यातला फक्त एक. बाकीचे म्हणजे पेशंटला स्वतःचं स्वतः सांभाळायला शिकवणं, टीममध्ये कामाची वाटणी, डॉक्टरला निर्णयात मदत, संस्थेचं धोरण, बाहेरच्या समाजातली साधनं. आम्ही आयटीवाले तो एक भाग उचलून पळालो. आणि त्या एका भागातही त्यांचा मुख्य भर कशावर, तर रजिस्ट्रीवर. म्हणजे साधी यादी: आपल्याकडे शुगरचे पेशंट किती, त्यातल्या कोणाची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) सहा महिन्यांत झालेली नाही, कोणाचे डोळे वर्षभरात तपासलेले नाहीत, लघवीतली प्रथिनं कोणाची बघायची राहिलीयत. दिसायला इतकं नीरस की डेमोमध्ये कोणी दाखवत नाही. पण नेहमीचं रेकॉर्ड उघडायला पेशंट समोर यावा लागतो, रजिस्ट्री न आलेल्यांचं सांगते. दीर्घ आजारात नुकसान होतं ते न येणाऱ्यांचं. मला विचाराल तर अजून एक मोबाइल ऍप काढण्यापेक्षा दर सोमवारी ही यादी छापून एका सिस्टरच्या टेबलावर ठेवा, तिला त्यासाठी दोन तास मोकळे द्या आणि मग बघा.

अर्थात यादी खरी निघायला आतले आकडे एका भाषेत असायला हवेत, आणि इथे मात्र आमचं खातं कामाला येतं. एचबीए१सी एक लॅब टक्क्यांत देते, दुसरी मिलिमोल प्रति मोलमध्ये. ७ टक्के म्हणजेच ५३. दोन्ही बरोबर, एकच गोष्ट. पण एकक न बघता आकडे ओढले तर ग्राफवर शुगर ७ वरून थेट ५३ वर उडी मारते, आणि तो ग्राफ बघून घाबरलेला पेशंटचा मुलगा मध्यरात्री मेसेज करतो. क्रिएटिनिनचं तसंच, १.२ आणि १०६ हे एकच असू शकतं. म्हणून १९९४ मध्ये रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटनं लॉइंक नावाचे कोड काढले, प्रत्येक तपासणीला एक ठरलेला क्रमांक, आणि २०११ मध्ये ग्रॅहॅम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियन माणसानं जे सुचवलं त्यातून फायर आलं, म्हणजे सिस्टिमांनी एकमेकांना माहिती कुठल्या साच्यात द्यायची याचं स्टँडर्ड, हल्ली सगळे ज्याच्या नावानं जप करतात ते. फायर चांगलं आहे, मी त्यातच काम करतो. त्यात केअरप्लॅन आहे, केअरटीम आहे, टास्क (नेमून दिलेलं काम) पण आहे आणि टास्कला मालक कोण हे लिहायला जागा आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक प्रोजेक्टांत काय जोडलं जातं? औषधं, लॅब, ऍलर्जी, डिस्चार्ज. टास्क "नंतर बघू".

पेशंटच्या बाजूचं थोडं लिहितो, कारण सगळ्यात जास्त समन्वय करणारा माणूस कुठल्याच सिस्टिममध्ये नसतो. तो म्हणजे घरातली मुलगी, सून, बायको, मुलगा, जो कोणी फाइल धरून सगळीकडे जातो तो. त्याच्याकडे वहीत किंवा फोनमध्ये जी यादी असते ती बहुधा सगळ्या सिस्टिमपेक्षा खरी असते. आणि आम्ही त्याला लॉगिन देत नाही! मग तो पेशंटच्याच पासवर्डनं शिरतो, ओटीपी आईच्या फोनवर, आई झोपलेली, मग तिला उठवा. नातेवाइकाला त्याच्या नावानं रीतसर प्रवेश द्यायची सोय बऱ्याच पोर्टलांत असते पण फॉर्म इतका किचकट की कोणी भरत नाही. बरं, पेशंटला सगळं दाखवलं तर घाबरतील, डॉक्टरांना फोनवर फोन येतील, ही भीतीही जुनी. २०१० मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणच्या १०५ डॉक्टरांनी आपल्या नोंदी पेशंटना जशाच्या तशा वाचायला दिल्या, ओपननोट्स म्हणून, वर्षानंतर विचारलं तर ९९ टक्के पेशंट म्हणाले चालू ठेवा आणि एकाही डॉक्टरनं बंद केलं नाही. औषधं घेणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणाले की वाचल्यामुळे गोळ्या नीट घेतल्या जातात. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, कोणी गोळ्या मोजल्या नव्हत्या, तेवढं लक्षात ठेवा. आणि सगळंच सगळ्यांना दाखवायचं नसतं, मानसिक आजार, एचआयव्ही, घरातली मारहाण अशा नोंदींवर वेगळं कुलूप हवंच, विशेषतः घरचेच लॉगिन वापरणार असतील तेव्हा.

आता पैशाचं. फोनवर "काका, पांढरी गोळी घेताय का" विचारणाऱ्या सिस्टरचा पगार कोण देतं? पेशंट समोर आला की बिल होतं, त्याच्यासाठी मागे बसून चार जणांना फोन केले त्याचं बिल होत नाही. मेडिकेअरनं २०१५ पासून यासाठी वेगळा कोड काढला, दोन किंवा जास्त दीर्घ आजार असलेल्या पेशंटसाठी महिन्याला निदान वीस मिनिटं असं समोरासमोर नसलेलं काम केलं तर पैसे. मला ही कल्पना कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठी वाटते. जरी त्याचा पहिला परिणाम आमच्याकडे वीस मिनिटं मोजणारा टायमर बनवा अशा मागण्या येण्यात झाला तरी.

हल्ली मी नवीन सिस्टिमच्या डेमोला बसलो की एकच प्रश्न विचारतो. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता या पेशंटचं पोटॅशियम ६.१ आलं, ते कोणाच्या नावावर पडतं, आणि त्यानं उघडलं नाही तर किती वेळानं कोणाकडे जातं?

"सर, डॅशबोर्डवर लाल दिसेल."

"कोणाच्या डॅशबोर्डवर?"

"ते कॉन्फिगरेबल आहे सर."

कॉन्फिगरेबल म्हणजे अजून कोणी ठरवलेलं नाही.

सध्या ज्या प्रोजेक्टवर आहे तिथे आम्ही डिस्चार्जच्या फॉर्ममध्ये दोन गोष्टी घातल्यात. एक, बंद केलेल्या औषधांची वेगळी रकाना, कारणासकट, आणि "काहीही बंद केलेलं नाही" असं असेल तर तेही टिक करावंच लागतं, रिकामं सोडता येत नाही. हे लोकांनी पटकन स्वीकारलं, थोडी कुरबुर झाली पण स्वीकारलं. दुसरी, पुढच्या प्रत्येक तपासणीसमोर कोण बघणार त्याचं नाव. इथे घोडं अडलंय. मला ते नाव सक्तीचं हवंय. हार्टच्या विभागाचा विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं ऐकल्यावर मला ते झटकून टाकता आलं नाही: सक्ती केली की लोक फॉर्म पुढे सरकवायला समोर दिसेल ते नाव टाकतील, बहुतेक ड्युटीवरच्या सगळ्यात ज्युनियर डॉक्टरचं, आणि तो पुढच्या महिन्यात दुसरीकडे. त्यापेक्षा माणसाऐवजी जागा लिहा, म्हणजे "हार्ट फेल्युअर सिस्टर", आणि त्या जागेवर आज कोण आहे हे ड्युटी रोस्टरवरून सिस्टिमनं काढावं. बरोबर आहे. फक्त रोस्टर अजून एक्सेलमध्ये आहे, विभागाच्या क्लार्ककडे, आणि ती शीट आमच्या सिस्टिमला रोजच्या रोज मिळावी म्हणून आता वेगळी मीटिंग लावलीय.